दिवसा जळणारा दिवा

आमच्या घराला चाकं आहेत, ही गोष्ट ताईच्या पचनी कधी पडलीच नाही. चांगलं राहतं घर विकून कोणी कॅराव्हॅनमध्ये जाऊन राहतं का, असं ती पहिल्या दिवशी म्हणाली आणि पुढे भेटेल तेव्हा तेच म्हणत राहिली. माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात, पण थोरल्या बहिणीचं हे बोलणं मी मुकाट्याने ऐकून घेतलं. कारण तोवर ती आमच्याबद्दल बोलत होती. यंदा ती आईबद्दल बोलायला लागली.

आई आमच्याकडे असते. मागच्या बाजूचा रुंद पलंग तिचा, खिडकी तिची, आणि खिडकीतून जे दिसेल तेही तिचंच, असा तिचा थाट आहे. सगळं आयुष्य एका गल्लीत काढलेल्या या बाईला रोज सकाळी वेगळं झाड बघायची चटक लागली आहे. अडचण एकच. झोपेत तिचा श्वास अडकतो, म्हणून तिला नाकावर मास्क लावून झोपावं लागतं. मास्कची नळी उशाशी ठेवलेल्या मशीनला जोडलेली असते आणि ते मशीन रात्रभर हवा देत राहतं. मशीन विजेवर चालतं. म्हणून आजवर आम्ही जिथे प्लगची सोय असेल तिथेच मुक्काम केला होता. पण अशा जागा गाड्यांनी खचाखच भरलेल्या असतात, आणि आईला बघायला झाडं हवीत, दुसऱ्यांच्या खिडक्या नकोत.

मीटरराव कामाला लागले. मीटरराव म्हणजे माझे यजमान. वीज मोजायचं मीटर चष्म्यासारखं सतत त्यांच्या जवळ असतं, त्यामुळे हे नाव ताईनेच पाडलं आणि मग सगळ्यांनीच उचललं. त्यांनी छतावर सोलर पॅनल बसवली, सोफ्याखाली घरासाठी मोठी बॅटरी ठेवली आणि मला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. गाडीची बॅटरी वेगळी, ती फक्त इंजिनाची. ही घरची. प्रवासात तिला गाडी भरणार, मुक्कामात ऊन भरणार. अर्ध्याच्या खाली गेली की ती कुरकुरते आणि फारच खाली गेली की स्वतःला वाचवायला सगळी वीज तोडून टाकते. मी म्हटलं, म्हणजे माझ्यासारखीच आहे. त्यांनी मान डोलावली, जरा जास्तच जोरात.

ताईला हे कळलं तेव्हा तिने सरळ सांगितलं की उन्हाच्या भरवशावर आईचा श्वास ठेवू देणार नाही. आईला ती आपल्या फ्लॅटवर नेणार. सहावा मजला, दोन लिफ्ट, खाली जनरेटर, वीज म्हणून कधी जायची नाही. शब्दाला शब्द लागला. शेवटी मीटररावांनी तोडगा काढला: प्लग नसलेल्या जागी सगळ्यांनी मिळून तीन रात्री राहायचं, ताईनेही. इंजिन सुरू करायचं नाही. तिन्ही रात्री मशीन सकाळपर्यंत चाललं तर आई आमच्याकडे. मध्येच बंद पडलं तर ताईकडे. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मला कॅराव्हॅनमध्येच राहायचंय. पण मशीन बंद पडलं तर हट्ट नाही करणार." हे ती फार समजूतदारपणे बोलली. आई समजूतदारपणे बोलते तेव्हा तिला फार हवं असलेलं काहीतरी ती सोडायच्या तयारीत असते.

तळ्याकाठी एक मोकळी जागा मिळाली. झाडांची सावली नेमकी छतावर येणार नाही अशा बेताने मीटररावांनी कॅराव्हॅन चार वेळा मागेपुढे केली. ताई आपल्या गाडीतून उतरल्याबरोबर तिला सगळी व्यवस्था दाखवली. दाराजवळ एक नवं बटण त्यांनी खास या मुक्कामासाठी बसवलं होतं. छतावरची वीज तिथून खाली बॅटरीत जाते, कधी दुरुस्ती करायची झाली तर तिथेच तोडता येते. चालू असलं की बटणावर छोटासा हिरवा दिवा लागतो. ताईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि चहा मागितला.

पहिली रात्र छान गेली. बॅटरी प्रवासात भरलेलीच होती. सकाळी आई मास्क काढून ताजीतवानी बसली आणि तळ्यातले बगळे मोजायला लागली. मीटररावांनी ताईकडे असं काही पाहिलं की जणू बगळेही त्यांनीच आणले असावेत. मग ताईची गाडी घेऊन आम्ही दोघं पाणी आणि गॅस आणायला गावात गेलो. ऊन कडकडीत होतं, घाई काहीच नव्हती. परतलो तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. दार उघडलं तेव्हा हिरवा दिवा चालू होता, आणि बॅटरी किती भरली ते सांगणारा काटा होता सोफ्याच्या फळीखाली. सोफ्यावर आई पाय पसरून पेंगत होती. तिला कशाला उठवायचं, एवढ्या उन्हात भरलीच असणार, असं मीटरराव म्हणाले. जन्मभर ज्या माणसाने दिसेल त्याला मीटर लावलं, त्याने नेमकं त्याच दिवशी लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाट झाली ती ताईच्या हाकेने. मशीन थांबलं होतं. कॅराव्हॅनमधला एकही दिवा लागत नव्हता. ताईने आईचा मास्क आधीच काढला होता आणि तिला उठवून पाठीशी उशी लावून बसवलं होतं. आई ठीक होती, डोकं जड झालंय एवढंच म्हणाली. मग तिने पलंगाखालून आपली पिशवी ओढली आणि कपडे घड्या करून आत ठेवायला लागली. कोणी काही म्हटलं नव्हतं तरी.

मला ते बघवेना. मी मीटररावांवर उखडले. एवढी पॅनल, एवढ्या तारा, एवढी भाषणं, आणि एक रात्र काढता येत नाही? बिचारे हातातला चहा तसाच ठेवून शिडीवर चढले, पॅनलवरची धूळ पुसली, वरच मीटर लावून पाहिलं. ऊन वर आलं होतं, वरती वीज उत्तम होती. खाली सोफ्यापाशी थेंबभरसुद्धा पोचत नव्हती. मग तार चाचपत चाचपत ते दाराशी आले आणि तिथेच थबकले.

"हे बटण कोणी बंद केलं?"

"मी," आई पलंगावरून म्हणाली, घडी घालता घालता. "काल सकाळीही मीच बंद केलं, संध्याकाळी लावलं, आणि आज उजाडल्यावर पुन्हा बंद केलं. दिवसाउजेडी दिवा कशाला जाळायचा? तेवढीच मशीनला वीज उरेल."

मीटररावांनी दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. आमच्या लहानपणी आई अशीच घरभर फिरायची. कुठे दिवा उगाच जळताना दिसला की बंद, आणि अंधार पडला की लावायचा तोही तिनेच. इथेही तिने तेच केलं होतं. उजाडलं की बॅटरीच्या तोंडाला झाकण आणि सूर्य मावळला की उघडं. आणि हे सगळं कशासाठी, तर इथे राहता यावं म्हणून. मला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेही आवरेना. मीटरराव आईजवळ बसले. "आई, हा खर्चाचा नळ नाही. हा टाकी भरायचा नळ आहे." आईने समजून घेतलं, मग तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच बंद पाडलं की," ती म्हणाली आणि पुन्हा पिशवीकडे वळली.

त्या सगळ्यात ताई हसली नव्हती. तिला नवलही वाटलं नव्हतं. माझ्या ते लक्षात आलं, पण आईसमोर मी मूग गिळून बसले. ताई कपबशा घेऊन बाहेरच्या बादलीपाशी गेली तशी मी मागोमाग गेले आणि सरळ विचारलं.

ती कप विसळत राहिली. विसळलेलाच कप पुन्हा विसळला. "काल सकाळी बघितलं मी तिला," ती म्हणाली. "तुम्ही गेलात आणि ती उठून बटण बंद करून आली. ते कशाचं आहे ते मला माहीत होतं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"बसले."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज मात्र चढू दिला नाही, कारण खिडकी आईची होती. माझी सख्खी बहीण आईचं मशीन बंद पडायची वाट बघत बसली, याचा मला प्रचंड संताप आला होता. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की ती रात्रभर झोपली नव्हती. आईच्या पलंगाला टेकून, तिच्या पोटावर हात ठेवून बसली होती, श्वास मोजत. मशीन थांबलं त्याच क्षणी तिने मास्क काढून आईला उठवलं. "तिला काही होऊ दिलं नसतं मी. पण ती माझ्याकडे यावी असं मला फार वाटत होतं गं. हे गेल्यापासून त्या घरात माझ्याशिवाय कोणाचा आवाज नसतो. लिफ्टचा येतो तेवढाच."

भावजी जाऊन दोन वर्षं झाली होती. ताईच्या फ्लॅटची मी नेहमी चेष्टा करायचे, त्या चकचकीत फरशीची, त्या दोन लिफ्टची. तिथे संध्याकाळी ती काय करते, हे एकदाही विचारलं नव्हतं. राग गेला असं म्हणणार नाही. पण त्याच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं, आणि मला तिची दया आली, जी मला तिच्याबद्दल कधीच आली नव्हती.

मी तिला म्हटलं की हे मी आईला सांगणार नाही आणि मीटररावांनाही नाही. पण अट मात्र आता एका रात्रीवर. आज मशीन चाललं तर आई इथे. ताईने मान डोलावली.

दिवसाने आमची परीक्षाच पाहिली. जेवणं होईतो लख्ख ऊन होतं आणि मग आभाळ भरून आलं. मीटरराव दर थोड्या वेळाने सोफ्याची फळी उचलायचे, आणि या वेळी आईला उठवून उचलायचे. त्यांचा चेहरा पडायला लागला होता. फ्रिज बंद केला, पाण्याचा पंप बंद केला, दिव्यांऐवजी टॉर्च काढला. तरीही त्यांच्या हिशेबाने रात्र पुरी होत नव्हती. मशीन हवेबरोबर थोडी वाफ देतं, त्यासाठी आतलं पाणी कोमट ठेवतं, आणि सगळ्यात जास्त वीज त्यालाच लागते, असं ते माझ्याशी दबक्या आवाजात बोलत होते.

ताई पलीकडे मासिक वाचत बसली होती. "ते पाणी तापवायचं बंद करा," ती मान वर न करता म्हणाली. "अशा हवेत त्याची गरज नाही. मी आईच्या डॉक्टरांना मागेच विचारलं होतं." मीटररावांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर पाहिलं. डॉक्टरांना तिने हे कशासाठी विचारलं असेल? आईला आमच्याकडे राहू द्यायचा विचार कधीतरी तिच्याही मनात येऊन गेला असणार.

सकाळी मला जाग आली ती त्या मशीनच्या बारीक घरघरीने. एरवी ती माझ्या डोक्यात जाते. आज मी तशीच पडून ऐकत राहिले. मीटरराव जागेच होते. सोफ्याखालचा काटा त्यांनी बघून घेतला होता, आणि त्यांच्या तोंडावरूनच कळत होतं की थोडी वीज उरलीसुद्धा आहे. ताईची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती, एकटी.

आई उठली. मास्क काढला, केस सारखे केले, खिडकीतून तळं बघितलं. मग चपला शोधून, अजून अर्धवट झोपेत, दाराकडे निघाली. कालचं सगळं समजावणं विसरून तिचा हात सवयीने हिरव्या दिव्याकडे गेला.

दाराजवळच्या बाकावर ताई झोपली होती, निदान मला तसं वाटलं होतं. तिने पडल्या पडल्याच हात वर केला आणि आईचा हात धरला.

"आई, राहू दे," ती म्हणाली. "जळू दे तो."

आई थांबली. तिला आठवलं असावं, कारण तिने हात मागे घेतला. पण ताईने तो सोडला नाही. आई बाकाच्या कडेवर बसली आणि दोघी तशाच राहिल्या. मीटरराव चहा टाकायला उठले. आधण ठेवता ठेवता, जणू स्वतःशीच हिशेब करत असल्यासारखे म्हणाले, "बॅटरीला आणखी एका माणसाचं ओझं होत नाही. ताई रात्री वाचत बसल्या तरी."

मी उठले, दाराशी ठेवलेली तिची बॅग उचलली आणि आईच्या पलंगाखाली सरकवली.