साडेचारची मॅच

स्पेनमधले लोक दुपारचं जेवतात त्या वेळेला तिथली सगळ्यात मोठी फुटबॉल मॅच ठेवायची, हे कोणाच्या डोक्यातून निघालं कोणास ठाऊक! संघदीप मात्र आठवडाभर गावात मिरवत होता. "पह्यले रात्री सव्वाबाराले राहे. आता साडेचारले. काहून? आपल्यासाठी! इकडं टीव्हीपुढं बसणारे किती कोटी हायेत, हे त्याईले समजलं." गावच्या फुटबॉल टीमचा तो गोलकीपर, आणि ऐकणारेही त्याच्याच टीमचे.

शीलाला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्या कोटींशी काही देणंघेणं नव्हतं. तिला धास्ती फवारणीची. त्या साली कपाशीची पराटी डोक्याच्या वर गेली होती. नळी उंच धरली की औषध तोंडावर यायचं. मागच्याच महिन्यात शेजारच्या गावचा देवसिंग फवारून आला, डोळे चोळत आडवा झाला, तो उठलाच नाही. तेव्हापासून शीलानं बजावून ठेवलं होतं: आधी आंघोळ, मग घरात पाय. मॅच रात्रीची असली की संघदीप मुकाट्यानं ऐकायचा, कारण वेळ भरपूर असायचा.

त्या रविवारी तो मालकाच्या वावरातून फवारणी करून आला तेव्हा मॅच सुरू होऊन पाच मिनिटं झाली होती. टीममधले सहा-सात जण आधीच टीव्हीला चिकटलेले.

"अवो, पाणी काढून ठेवलं हाये," शीला आडवी आली.

"हाफटाईमले करतो नं बाप्पा!" म्हणत तो ओल्या शर्टानिशी आत घुसलाच. मेलं ते स्पेन आणि मेली ती वेळ! शीला चडफडत चुलीकडे वळली.

थोड्या वेळानं आतून त्याचा आवाज आला. "लखीराम, छत्री हालली वाटते. पाह्य नं, कसं धुरकट दिसून राह्यलं."

लखीराम रिक्षावाला शिव्या घालत डिश हलवायला पत्र्यावर चढला. "आता?"

"नाही."

"आता?"

"लेका, आणखीनच बिघडवलं तुनं!"

"भाऊ, चकाचक तं दिसून राह्यलं," कोणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले.

शीला पिठाच्या हातानं दारात आली. चित्र लख्ख होतं. खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे तिला तिथून वाचता येत होते. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. कपाळावरून घामाच्या धारा, ओठाच्या कडेला लाळ. हनुवटी धरून तिनं त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं, तर डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या.

"बंद करा थो टीव्ही!" ती किंचाळली. "छत्रीले काई नाही झालं! याईच्या डोयाले झालं!"

हसणं जागच्या जागी थांबलं. दोघांनी त्याचा शर्ट फाडून काढला, शीलानं काढून ठेवलेलं पाणी त्याच्या अंगावर ओतलं आणि सगळ्यांनी मिळून त्याला रिक्षात घातलं. रिक्षा तिसऱ्या खेपेला सुरू झाली.

यवतमाळच्या दवाखान्याचा रस्ता कधी नव्हे इतका लांब वाटत होता. संघदीपचं डोकं शीलाच्या मांडीवर होतं आणि श्वास घरघरत होता. समोरून ऊन असं येत होतं की लखीराम एका हातानं डोळ्यांवर आडोसा धरून चालवत होता.

"शीला," संघदीप पुटपुटला, "आज अंधार लवकर पडला का वं?"

तिनं बाहेर पाहिलं.

"हो," ती म्हणाली, "पडला. पण तुमी बोलत राहा."