पुढचा भाग कोण बघतं?

चष्म्याच्या दुकानातून दमून आली की ती हातपाय धुवायची, चहा घ्यायची आणि कोरियन मालिकेचा एक भाग बघायची. एकच. नायकाने नायिकेचा हात धरायला अर्धी मालिका घालवावी आणि धरला की आपणच लाजावं, हे सुख तिला पुरवून पुरवून हवं असायचं.

त्या दिवशी टीव्ही लावला तर नायिका थेट हॉस्पिटलात! काल तर ती बसस्टॉपवर छत्री घेऊन उभी होती. मधला आख्खा भाग कुणीतरी बघून टाकला होता.

पहिला संशय नवऱ्यावर. तो वायरमन; दुपारी मध्येच घरी डोकावायचा.

"मी? त्या रडारडीला?" तो हसला. "समोरून एवढा ट्रक येतो आणि बाई पुतळ्यासारखी उभी! तसलं मी बघेन?"

"ट्रकचं तुला कसं कळलं?"

"अगं, प्रत्येक मालिकेत तो ट्रक असतोच."

उत्तर पटण्यासारखं होतं, म्हणूनच तिला पटलं नाही.

राहिले सासरे. पण या मालिकांना 'रडक्या बाहुल्या' म्हणणारे तेच. "बाबा, दुपारी कोणी आलं होतं का?" तिने विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली. हो की नाही, काही उमगेना.

मग ती घरात पाऊल टाकताच टीव्हीच्या पाठीला हात लावून बघू लागली. रोज गरम! नवऱ्याकडे ती अशी रोखून बघायची, की तो बिचारा न केलेल्या गुन्ह्यानेही चपापायचा. त्यातच एकदा सासरे म्हणाले, "लांबचं धूसर दिसतंय, नंबर तपासून दे." घराबाहेर न पडणाऱ्या माणसाला लांबचं काय बघायचंय? संशयाची सुई हळूच फिरली.

एका दुपारी दुकानातली वीज गेली आणि मालकाने सगळ्यांना घरी सोडलं. तिने कुलपात किल्ली अगदी हळू फिरवली.

"अगं, त्या डॉक्टरवर विश्वास ठेवू नकोस!" आतून सासरे ओरडत होते. "आणि आजार लपवतेस कशाला? वेळेवर तपासून घे ना, मूर्ख मुली!"

ते स्टूल ओढून टीव्हीसमोर बसले होते. पडद्यावर नायिका हमसून रडत होती आणि खोलीत आवाज मात्र फक्त सासऱ्यांचा. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद होता. ती अगदी मागे येऊन उभी राहिली तरी त्यांना पत्ता नव्हता. ती पुढे आली तेव्हा ते दचकले.

"चोर सापडला!" ती म्हणाली. त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं आणि ओशाळून हसले.

"आवाज का बंद ठेवलाय?" तिने मोठ्याने विचारलं.

"चालू असला तरी मला काय? ही माणसं बोललेलं सगळं खाली लिहून दाखवतात. तुम्ही लोक नुसते ओठ हलवता."

तिला शेजारच्या खुर्चीत बसावंच लागलं. "आणि आमचं बोलणं?" तिने त्यांच्या कानाशी वाकून विचारलं.

"मान हलवतो. बहुतेक वेळा चालून जातं."

जेवताना सांगितलेल्या गमती, नवऱ्याचे विनोद, तिने विचारलेले प्रश्न... सगळ्यांवर हललेली ती मान तिला आठवली. वाईट वाटलं, पण तिने ते राग म्हणूनच बाहेर काढलं.

"आत्ता त्या पोरीला कोण झापत होतं? वेळेवर तपासून घे म्हणून?"

"ती वीस वर्षांची आहे."

"म्हणजे तुम्हाला घाई जास्त!"

ते रिमोट तिच्या हातात देत म्हणाले, "मालिका संपू दे आधी."

उरलेले भाग दोघांनी मिळून बघितले. सासऱ्यांनी आधीच चोरून शेवट बघितलाय, असा तिला शेवटपर्यंत वहीम होता. पण शेवटच्या भागात खलनायकाला दोन अश्रूंवर माफी मिळाली, 'एक वर्षानंतर' म्हणून सगळं गुंडाळलं, तेव्हा ते असे खवळले की वहीम फिटला.

त्यानंतर ती त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. यंत्र बसवून घरी आले आणि सासऱ्यांनी नवी मालिका लावली, या वेळी आवाजासकट. नायिकेने नायकाला हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा किंचाळली.

"बापरे," सासरे कानाशी हात नेत म्हणाले, "ही एवढी कर्कश आहे होय?"

आणि त्यांनी टीव्हीचा आवाज पुन्हा बंद केला. "तू बोल," ते सुनेला म्हणाले. "आज दुकानात काय झालं?"