वाळूच्या दोन पिशव्यांमध्ये

साल एकोणीसशे एकसष्ट. तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे आठवडाभराची शिक्षाच. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या, आणि उताणं पडून राहायचं. हलायचं नाही, खोकायचं नाही, जोरात हसायचं तर नाहीच नाही.

शिंप्याच्या दुकानात काजं करणाऱ्या बाईचा डावा डोळा आदल्या वर्षी असाच गेला होता. ऑपरेशन उत्तम झालं. पण दुसऱ्या दिवशी जाग आली तो सगळा काळोख. आपल्याला जिवंत पुरलंय असं वाटून ती ताडकन उठून बसली, आणि टाके तुटले. आता पाळी उजव्याची. तो गेला की सुई गेली, आणि उरलेला जन्म भिंत चाचपत काढायचा.

त्याहून सलत होतं ते नणंदेचं बोलणं. नणंद चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची, प्रार्थनेत तिचाच आवाज सर्वांत मोठा. ती चारचौघांत म्हणाली होती, "वहिनीचा विश्वास कमी पडला. नाहीतर देवानं असं होऊ दिलं असतं?" तेव्हापासून दोघींचा अबोला.

पट्टीचा तिसरा दिवस, दुपारची वेळ. नवरा छापखान्यात कामावर गेलेला. शेजारच्या खाटेवर बेकरीवाली, तिच्याही डोळ्यांवर पट्टी. पण गप्प बसेल तर शपथ.

"आमचे हे म्हणतात, डॉक्टरांची जागा चुकली. पट्टी तोंडावर बांधायची होती."

"अहो, हसवू नका त्यांना!" सिस्टर ओरडल्या आणि औषधं आणायला बाहेर गेल्या.

तेवढ्यात काजवालीच्या पट्टीखालून काहीतरी गालावर ओघळलं. पाणी की रक्त? हात आपसूक पट्टीकडे निघाला.

"सिस्टर! माझे हात बांधा हो!"

कुणीतरी हात घट्ट धरला. तो सिस्टरांचा नव्हता. गार, घामेजलेला.

"मी आहे, वहिनी."

"वन्सं? तुम्ही कशाला आलात? माझा विश्वास मोजायला?"

नणंद इतक्या हळू बोलली, की तिचा आवाज ओळखू येईना. "आमच्या यांच्या शेवटच्या दुखण्यात मी चर्चमध्ये जाऊन बसायचे. लोक म्हणायचे, केवढी श्रद्धा! श्रद्धा कसली डोंबलाची. त्यांच्या उशाशी बसायची भीती वाटायची मला. गेले तेव्हा एकटेच होते गं. हे कुणाला सांगितलं नाही आजवर."

काजवालीनं नणंदेचा हात घट्ट धरला.

"वन्सं, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूला घाम फुटला होता. हा दुःखाचा प्याला टळू दे, म्हणाला. त्यालाही सांगाल का, विश्वास कमी पडला म्हणून?"

नणंदेला हुंदका फुटला. पलीकडून बेकरीवाली म्हणाली, "रडा खुशाल. तुमच्या डोळ्यांना कुठे टाके आहेत?"

काजवालीनं मनात म्हटलं, देवा, मी भ्यायलेय. डोळा राहील की जाईल, मला ठाऊक नाही. पण तू इथून हलणार नाहीस, एवढं ठाऊक आहे. मग मीही हलत नाही. आणि तीन दिवस काठीसारखी ताठलेली तिची मान सैल पडली.

सिस्टरांनी येऊन पाहिलं. गालावर नुसतं पाणी होतं.

नणंद रोज येऊन हात धरून बसली. आठव्या दिवशी पट्टी सुटली तेव्हा आधी धूसर उजेड दिसला, मग त्यात एक लांबोडकं नाक. काजवाली म्हणाली, "वन्सं, वाळलात हो."

पुढे जाड भिंगाचा चष्मा लावून तिनं अकरा वर्षं काजं केली. नवरा छापखान्यातून निवृत्त झाला आणि एका सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता गेला. बेकरीवालीचा डोळा मात्र वाचला नाही. पाव भाजला की नाही हे ती वासावरून सांगायची, आणि कधी चुकली नाही. नणंद पहिल्या बाकावरून उठली ती आजाऱ्यांच्या उशाशी जाऊन बसू लागली. गावात तिला सगळे 'उशाची बाई' म्हणत. काजवाली चौऱ्याऐंशी वर्षं जगली. काळोखाची भीती काही गेली नाही तिची. झोपताना दिवा चालूच ठेवायची, आणि त्या उजेडात खुशाल घोरायची.