वाचनाचा नेम

नवऱ्याने टॅबलेट पलंगाशेजारच्या स्टुलावर तिरका उभा केला, पडद्यावर बोट टेकवलं आणि एक पाऊल मागे सरकला. आतून एका बाईचा आवाज आला. स्वच्छ, न दमलेला. कादंबरीचं पुढचं प्रकरण तो न अडखळता वाचू लागला.

"कसं वाटतंय, आई?"

सासूबाईंनी पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"बाई शिकलेली दिसते. घसाबिसा बसत नाही वाटतं हिचा?"

"कधीच नाही. आणि वाचता वाचता डुलकीही लागत नाही." नवरा हसून बायकोकडे वळला.

ती उशी नीट करत होती. मागच्या आठवड्यात वाचताना तिची मान खाली गेली होती आणि पुस्तक घसरून थेट पलंगाखाली. घरात त्याची दोन दिवस थट्टा झाली. तरी त्यानंतर तो गुपचूप जाऊन हे घेऊन आला होता, तिच्यासाठीच.

सासूबाईंची नजर अधू झाली आणि चालणं थांबलं, तेव्हापासून रोज संध्याकाळी एक प्रकरण, असा त्यांचा नेम होता. बाकी त्या कधी काही मागत नसत. पाणीसुद्धा कुणी दिलं तर प्यायच्या. पण हे मागत. औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून ती घरी यायची तेव्हा पोटऱ्यांचे दगड झालेले असायचे. तिच्या अंगात ताप असला तरी त्या म्हणायच्या, "दोनच पानं वाच, पण वाच." आलेला राग ती गिळायची आणि पान उघडायची.

सुटले, असं आता तिला वाटलं.

"मग ही दोन कपाटं रिकामी करू," नवरा म्हणाला. "वाचनालयवाला रविवारी येऊन सगळी पुस्तकं नेतो म्हणालाय. यात कितीही मावतात, अक्षरंही हवी तेवढी मोठी होतात. उगाच धूळ कशाला सांभाळायची?"

"तुझं काय म्हणणं?" सासूबाईंनी सुनेला विचारलं.

"मला बरंच पडेल, आई."

त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून ती घरी आली की आवाज लावून द्यायची आणि खोलीबाहेर यायची. बाहेर आली की ती घरातल्यांच्या नजरेला पडायची.

"अगं, मोकळीच आहेस ना? या शर्टाचं बटण बघ जरा."

"आई, माझी वही सापडत नाहीये!" मुलगा ओरडायचा.

बटण झालं की भांडी, भांड्यांवरून हात फिरेपर्यंत उद्याचे डबे. मिळालेला वेळ कुठे जात होता, तिला कळेना. पाय मात्र पूर्वीपेक्षा जास्त ठणकू लागले.

शनिवारी वाळलेल्या कपड्यांचा ढीग छातीशी धरून ती सासूबाईंच्या खोलीत आली. खोलीत शांतता होती. टॅबलेटचा पडदा काळा. सासूबाई जाग्या होत्या, दाराकडे तोंड करून.

"आई, हे केव्हाचं बंद पडलंय?"

"झाला असेल बराच वेळ."

"मग हाक नाही का मारायची? गोष्ट अर्धीच राहिली की!"

"कालही राहिली होती."

तिने कपडे पायथ्याशी टाकले आणि चार्जरची वायर उचलली.

"ते असू दे. कपाटातलं एक पुस्तक काढ. कुठलंही."

"आई, आज नको ना." तिचा आवाज चिरकला. "आज खरंच त्राण नाही हो."

"वाच म्हटलं का मी? काढ नुसतं. आणि दार लोटून घे."

हाताला आलं ते पुस्तक घेऊन ती खुर्चीकडे वळली.

"तिथे नको. इथे ये, भिंतीला टेकून बस. पाय वर घे. अगं, घे की, पलंग काही मोडत नाही."

ती बसली. पुस्तक मांडीवर उघडलं. ओळी नजरेसमोर हलत होत्या.

"हे तर आपलं झालंय वाचून."

"झालं असेल. माझं लक्ष असायचं कुठे गोष्टीत!"

तिने मान वर केली. सासूबाई ढिगातली एक चादर ओढून तिच्या पावलांवर घालत होत्या, चाचपडत, एका हाताने.

"अगं, येतेस का जरा?" बाहेरून नवऱ्याची हाक आली. तिचा पाय सवयीने खाली गेला. सासूबाईंनी तिचा गुडघा धरला.

"वाचतेय ती!" त्या ओरडल्या. एवढा आवाज त्यांच्यात असेल असं कुणाला वाटलं नसतं.

"मशीन बिघडलं का?"

"मशीनला काय झालंय! मलाच ती बाई पटत नाही. फार भरभर वाचते. मला हीच हवी, आणि पुस्तकातूनच हवं. उद्या त्या वाचनालयवाल्याला येऊ नको म्हणावं."

"तुझं पण ना, आई! तिला जरा विसावा मिळावा म्हणून आणलं, तर..."

"असू दे. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट समज."

बाहेरची पावलं थबकली, मग कुरकुरत लांब गेली.

सुनेने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण डोळे त्याआधीच मिटत आले होते. डोकं भिंतीला टेकलं. सासूबाई थोडा वेळ तिच्या श्वासाकडे कान देऊन पडून राहिल्या. मग हात लांबवून त्यांनी तिच्या मांडीवरच्या पुस्तकाचं एक पान उलटलं, दाराबाहेर ऐकू जाईल असं.