अर्ध्या वाक्यावरची घंटी

मी एक जुनी पितळी घंटी आहे, मित्रांनो. शाळेची नव्हे, सायकलचीही नव्हे. टेबलावर ठेवतात आणि डोक्यावर टपली मारली की एकदाच ‘टिंग’ करते ना, ती. मला आयुष्यात तेवढं एकच बोलता आलं. पण ते मी पुष्कळदा बोलले आणि बहुतेक वेळा दुसऱ्याचं बोलणं चालू असताना बोलले.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा दाबून माझी वाटी केली, लेथवर घासून गुळगुळीत केली आणि आत एक छोटा हातोडा बसवला. कारागिराने मला कानाशी धरून वाजवलं आणि खोकी बांधत बसलेल्या बायकोला हाक मारली, “ऐकलंस का, हिचा आवाज कसा लांबतोय!” ती म्हणाली, “लांबू दे. तुमची जेवायला यायची वेळपण लांबतेय.” माझं झालेलं ते पहिलं कौतुक. मी ते बरीच वर्षं जपून ठेवलं होतं.

पुढे पेन्सिली, टाचण्या आणि डिंकाच्या बाटल्यांबरोबर मी एका सरकारी कार्यालयात आले. या कार्यालयाचं काम तसं चांगलं होतं. ज्यांचं संशोधनाचं शिक्षण नुकतंच संपलं आहे, पण ज्यांना अजून स्वतःची प्रयोगशाळा नाही, अशा तरुण माणसांनी आपली कल्पना लिहून पाठवायची. त्यातल्या काहींना मुलाखतीला बोलवायचं. निवड झाली की तीन वर्षं पगार, उपकरणांना पैसे आणि हाताखाली शिकायला एक-दोन विद्यार्थी. निवड नाही झाली तर काय होतं, ते मला फारसं ठाऊक नव्हतं, कारण ती माणसं या खोलीत सहसा पुन्हा दिसत नसत.

खोलीत एक लांब टेबल होतं. एका बाजूला पाच-सहा तज्ज्ञ, समोर एकच खुर्ची. पाण्याचे ग्लास, त्यांवर झाकण्या, बिस्किटांची बशी. मी अध्यक्षांच्या उजव्या हाताशी. वेळ संपला की अध्यक्षांनी मला वाजवायचं आणि समोरच्याने थांबायचं, एवढा साधा नियम.

पहिले अध्यक्ष वयस्कर होते आणि जरा भिडस्त. त्यांचं बोट माझ्यावर येऊन थांबायचं. वेळ झालेली असायची, पण ते वाट बघायचे. शेजारच्याने घड्याळाकडे बोट दाखवलं की पुटपुटायचे, “वाक्य संपू दे हो त्याचं. वाक्याला कितीसा वेळ लागतो!” वाक्य संपलं की मगच मला हळूच दाबायचे. त्या दिवसांत मी ऐटीत वाजायचे. माझा आवाज खोलीभर फिरायचा आणि समोरचा माणूस हसून पाणी प्यायचा.

या खोलीची व्यवस्था बघणारे शिपाई होते, त्यांना सगळे काका म्हणत. उमेदवारांची नावं लक्षात ठेवण्याच्या भानगडीत काका कधी पडले नाहीत. ज्याचा जो विषय, तेच त्याचं नाव. “ढगवाली बाहेर बसलीय. वाळवीवाला चहा घेतोय. शेवाळवाल्याची गाडी चुकली म्हणे.” तज्ज्ञही हसायचे आणि शेवटी तेही तसंच म्हणायला लागायचे.

मग अर्ज वाढले. अध्यक्ष बदलले. मुलाखतीचा वेळ आधी अर्धा झाला, मग त्याच्याही अर्धा. नवे अध्यक्ष वक्तशीर होते. त्यांचं बोट माझ्यावर थांबत नसे. घड्याळाचा काटा पोचला की टिंग. समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून थांबायचा, मग ते मिटायचा आणि ‘धन्यवाद’ म्हणायचा. पहिल्या काही जणांच्या वेळी मला फार वाईट वाटलं. नंतर वाटेनासं झालं. कधीपासून ते सांगता येणार नाही.

त्याच सुमाराला ती आली. काकांनी तिचं नाव ठेवलं तळपायवाली.

तिच्या हातात एक पुठ्ठ्याची पेटी होती आणि पेटीत एक जुनी चप्पल. तज्ज्ञांनी एकमेकांकडे पाहिलं. ती म्हणाली, “ही माझ्या वडिलांची. ते इस्त्रीचं काम करतात. दिवसभर उभे असतात. साखरेच्या आजाराने त्यांचे तळपाय बधिर झालेत. एकदा इस्त्रीतला निखारा पायावर पडला, तर त्यांना कळलंच नाही. वास आला तेव्हा कळलं.”

खोलीत कुणी बिस्किट खात होतं, ते थांबलं.

“पण निखारा हे निमित्त झालं,” ती पुढे म्हणाली. “डॉक्टरांनी पाऊल उलटून पाहिलं, तर तळव्याला आधीच मोठी जखम होती. जुनी. ती कुणालाच माहीत नव्हती. कातडी फाटण्याआधी त्या जागी ऊब वाढते. चपलेतच एखादं स्वस्त साधन बसवून ती ऊब आधीच पकडता येईल का, हे मला शोधायचं आहे. कारण बधिर पायाला जखम होते ती बहुतेक वेळा मोठ्या इजेने नाही होत, सर. ती…”

टिंग.

ती थांबली. चप्पल पेटीत ठेवली आणि निघून गेली. मित्रांनो, मी आजवर हजारो वाक्यं तोडली असतील, पण हे एक माझ्यात अडकून बसलं. मोठ्या इजेने नाही, तर मग कशाने? मला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण घंटीला प्रश्न विचारता येत नाही. तिला मधेच बोलता येतं, एवढंच. त्या वर्षीच्या यादीत तळपायवाली नव्हती.

पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. हातात तीच पेटी. या वेळी तिला दोन मिनिटं जास्त मिळाली, कारण तिच्या आधीचा वाळवीवाला घाबरून लवकर आटोपता झाला होता. ती चांगलं बोलली. तज्ज्ञांनी माना डोलावल्या. ती गेल्यावर तिचं नाव वरच्या पाचात लिहिलं गेलं, ते मी माझ्या जागेवरून ऐकलं. मला बरं वाटलं. असं वाटण्याची ती शेवटचीच वेळ असावी.

कारण पुढच्या आठवड्यात अधीक्षकबाई खोलीत आल्या आणि अध्यक्षांना म्हणाल्या, “सर, यंदा वरून निधीच आलेला नाही. योजना दुसऱ्या योजनेत विलीन करायचं घाटतंय.”

“आणि आपण निवडलेली मुलं?”

“यादी राहील ना फायलीत.”

अध्यक्षांनी चष्मा पुसला. मग टेबलावरचं सामान आवरायला सांगितलं. मला डिंकाच्या बाटलीशेजारी कपाटात ठेवलं गेलं. कपाट बंद झालं, आणि ते जवळजवळ दोन वर्षं उघडलं नाही. मला वाटलं होतं, मी एकटी पडेन, रडकुंडीला येईन. तसं काही झालं नाही. धूळ बसत गेली आणि मी बसून राहिले.

योजना नव्या नावाने पुन्हा सुरू झाली तेव्हा काकांनी मला काढून धोतराच्या फडक्याने पुसलं आणि वाजवून पाहिलं. आवाज पूर्वीसारखा लांबला नाही. काका म्हणाले, “बसला वाटतं हिचा घसा.” आणि मला अध्यक्षांच्या हाताशी ठेवून ग्लास मांडायला गेले.

त्या वर्षी तळपायवाली तिसऱ्यांदा आली. योजनेला वयाची अट होती आणि तिचं हे शेवटचं वर्ष होतं. या वेळी निवड झाली नाही तर तिला संशोधन सोडून मिळेल ती नोकरी धरावी लागणार होती. संगणकाला पडद्याची वायर जोडायला ती सगळ्यांच्या आधी आत आली. खोलीत फक्त काका होते.

“आलात ताई? बसा, पाणी घ्या. पेटी नाही आणली या वेळी?”

“नाही काका.”

“वडील कसे आहेत?”

“गेले ते. गेल्या वर्षी. पाय काढला, तरी उपयोग झाला नाही.”

काकांच्या हातातली झाकणी हातातच राहिली. “अरेरे. मग आज साहेबांना ते सांगणार असाल ना?”

“छे,” ती वायर जोडत म्हणाली, “ते सगळं वगळलंय. वेळ खातं.”

हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. काकांनी झाकणी ग्लासावर ठेवली. मी काचेसारखी थंड बसले होते.

ती बोलली तेव्हा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. आकडे, खर्च, तीन वर्षांचं वेळापत्रक, दोन विद्यार्थ्यांना काय काय शिकवणार ते. वडील नाहीत, चप्पल नाही, निखारा नाही. आणि ते वाक्यही नाही. मी शेवटपर्यंत वाट पाहिली. काटा पोचण्याच्या जरा आधीच ती ‘धन्यवाद’ म्हणाली आणि मला वाजवावंच लागलं नाही. अध्यक्ष खूश झाले. “याला म्हणतात मुद्देसूद!” ते म्हणाले. त्या वर्षी तिची निवड झाली.

पुढचं मी तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं. तिला प्रयोगशाळा मिळाली. चपलेत बसवायची तिची पट्टी तयार झाली, दवाखान्यांतून वापरात आली. काकांनी आपल्या मोठ्या भावासाठी एक मागवली आणि आठवडाभर सगळ्यांना सांगत होते, “आपल्या तळपायवालीची आहे!” पुष्कळ पाय त्या पट्टीने वाचले. हे खरं आहे आणि ते मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तिचा राग येऊ नये.

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी ती पुन्हा या खोलीत आली, पण समोरच्या खुर्चीवर बसली नाही. टेबलाला वळसा घालून अध्यक्षांच्या खुर्चीवर बसली. केस पांढरे झाले होते. काका निवृत्तीला आले होते. ते तिला आता मॅडम म्हणत.

पहिल्या दिवशी ती मला सावकाश वाजवायची. दुसऱ्या दिवशी जरा कमी सावकाश. उमेदवार तरी किती होते! एक गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा. चौथ्या दिवसापासून तिचं बोट फायलीवरून माझ्यावर यायचं आणि पुन्हा फायलीवर जायचं. मान वर होत नसे. तिचा स्वभाव वाईट नव्हता, मित्रांनो. ती थकली होती आणि बाहेर रांग होती.

शेवटच्या दिवशी सकाळी एक तरुण आला. काकांच्या भाषेत मोजेवाला. बधिर पायांसाठी त्याला खास मोजे विणायचे होते. त्याची आई दुकानात दिवसभर उभी असते, असं काहीतरी त्याने सांगितलं. समोरचं पाणी प्यायलाही तो घाबरत होता. ती पुढची फाईल चाळत होती. तो म्हणाला, “लोकांना वाटतं काहीतरी टोचलं असेल, भाजलं असेल. पण बधिर पायाला जखम मोठ्या इजेने होत नाही, मॅडम. ती…”

टिंग.

तिने वर पाहिलं नाही. तो थांबला, तोंड मिटलं, धन्यवाद म्हणाला आणि गेला. दार लागलं. काका म्हणाले, “मॅडम, पुढचा पाठवू?”

तिचं बोट माझ्यावरून उठलं नव्हतं. फाईल उघडीच होती, पण ती वाचत नव्हती. मग ती अगदी तोंडातल्या तोंडात म्हणाली, “रोजच्या थोड्या थोड्या दाबाने होते. दुखत नाही, म्हणून माणूस चालतच राहतो.”

शेजारचे तज्ज्ञ म्हणाले, “काही म्हणालात?”

“नाही. पाठवा पुढचा.”

ज्या वाक्यासाठी मी इतकी वर्षं थांबले होते, ते असं पुरं झालं. मी त्याची किती वाट पाहिली होती! आता ते आलं, तर मला काहीच झालं नाही. मी पुढच्यालाही वेळेवर वाजले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर काका टेबल आवरत होते. ती चष्मा विसरली होती, तो न्यायला परत आली. काकांनी मला उचलून वाजवलं. थड्. पुन्हा वाजवलं. थड्. मग बहुधा पहिल्यांदाच, त्यांनी मला उलटं करून दिव्यापाशी धरलं.

“मॅडम, हे बघा. आतून चीर गेलीय. नेमकी टपली बसते त्याच्या खालीच. कधीची आहे कोण जाणे. वरून तर चकचकीत दिसते.”

तिने मला हातात घेतलं. त्या चिरेवरून अंगठा फिरवला. मग घाईने म्हणाली, “काका, तो मोज्यांवाला मुलगा. बाहेर असला तर बोलवा त्याला.”

“तो सकाळचा होता, मॅडम,” काका म्हणाले. “तो कशाला थांबतोय आता!”

मला तिने टेबलावर ठेवलं, आवाज होऊ न देता.

मित्रांनो, आता मी खिडकीत कागदांवर वजन म्हणून असते. नवी घंटी आली आहे, तिचा आवाज लांबतो म्हणे. तुमच्यापैकी कुणाच्या तरी हाताशी उद्या अशी एखादी घंटी येईल. वेळ पाळू नका, असं मी सांगणार नाही. बाहेर रांग असते, ते मी पाहिलं आहे. पण समोरच्याचं वाक्य तेवढं संपू द्या. आणि रोज एकाच जागी टपली खाणारं जे कुणी तुमच्याजवळ असेल, त्याला अधूनमधून उलटून पाहा. ते स्वतः होऊन सांगणार नाही. मलाही काकांनी सांगितलं, तेव्हाच कळलं.