नवा गेम जड नव्हता

मी कंट्रोलर बोलतोय. व्हिडिओ गेम खेळताना माणसं दोन्ही हातांत धरतात, तो. या घरातल्या वहिनी मला अजून रिमोटच म्हणतात, पण मी ते मनाला लावून घेत नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात, माझ्यासारख्याच असंख्य भावंडांच्या रांगेत झाला. त्यातलं फारसं आठवत नाही. मला कळायला लागलं ते दादाच्या हातात आल्यावर. दादा म्हणजे या घरातला थोरला. मालाच्या यार्डात क्रेन चालवायचा. त्याचा धाकटा भाऊ समोरच्याच खोल्यांत राहायचा आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. त्याच्या स्वतःच्या नाकावरही जाड भिंगं, म्हणून दादा त्याला ‘ढापण्या’ म्हणायचा. सुट्टीच्या दुपारी जेवणं आटोपली की ढापण्या हात पुसत पुसतच यायचा. मग दादाच्या हातात मी, त्याच्या हातात माझा जोडीदार, आणि पडद्यावर फुटबॉल.

दादाचे हात काय सांगू! भल्यामोठ्या पेट्या हवेतून अलगद खाली टेकवायची त्या हातांना सवय. माझ्या अंगावरच्या दोन छोट्या दांड्या तो केसभरच हलवायचा आणि पडद्यावरचा खेळाडू तिघांना चकवून निघून जायचा. ढापण्या कपाळ बडवायचा. “दादा, तू माणूस आहेस का भूत?”

“हरलास की भूत दिसतंच,” दादा म्हणायचा.

मग नवा गेम आला. कधीपासून दोघं त्याची वाट बघत होते. ढापण्याने तो लावला आणि मैदान उघडलं, तेव्हा वहिनीसुद्धा भाजी निवडायची सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. गवताचं पातं न् पातं वेगळं दिसत होतं.

“अगं बाई, खराच सामना चाललाय की!”

“बघ दादा, बघ,” ढापण्या नुसता नाचत होता. “धावून धावून माणूस दमतो यात. चेंडूलासुद्धा वजन आहे. नुसतं बटण टेकवून भागत नाही, दाबून धरायचं, तेव्हा कुठे जोरात किक बसते. काय गेम बनवलाय राव!”

दादा खेळायला लागला. त्याने पास दिला, तो अर्ध्यातच मेला. त्याने खेळाडू वळवला, पण तो वळायच्या आत ढापण्याने चेंडू पळवला. गोल. परत गोल.

“जड आहे रे हा गेम,” दादा म्हणाला. “माणसं चिखलात खेळल्यासारखी खेळतात.”

“हात बसेपर्यंत वाटतं तसं.”

थोड्या वेळाने दादाने मला उलटंपालटं करून बघितलं. “याचं बटणच बसलंय. तुझा दे इकडे.”

अदलाबदल झाली. मी ढापण्याच्या हातात गेलो. माझं बटण बसलेलं नव्हतं. त्याने ते दाबून धरलं आणि चेंडू थेट जाळ्यात! तो आनंदाने ओरडला, आणि ओरडता ओरडता त्याची नजर दादाकडे गेली. दादाचा उजवा अंगठा दुसऱ्या कंट्रोलरच्या बटणावर होता आणि थरथरत होता. तो अंगठा जीव खाऊन दाबत होता, पण बटण खाली जात नव्हतं.

“भिकार गेम आहे,” दादा म्हणाला. “जुना लाव.”

ढापण्याने मुकाट्याने जुना गेम लावला आणि मला परत दादाच्या हातात दिलं. दादा डोळे मिटून जिंकायचा असा तो गेम. पहिलाच पास अर्ध्यात थांबला. पडद्यावर खेळाडू उभे राहिले.

“अहो, काय झालं?” वहिनींनी विचारलं.

“काही नाही. हात झोपलाय.”

पण तो झोपला नव्हता. मला त्या तळव्याखाली सगळं समजत होतं. यार्डात तो बरेच दिवस क्रेनचा दांडा दोन हातांनी ओढत होता, हे वहिनींनाही डॉक्टरांसमोरच कळलं. तिथून आल्यावर ढापण्या जिन्यात बसून रडला आणि वर येऊन वहिनींशी बोलला. ते माझ्या कानावर पडलं. हातापायांच्या स्नायूंकडे जाणाऱ्या नसा सुकत चालल्या होत्या. थांबवणारं औषध नव्हतं.

त्यानंतर ढापण्या रोज यायला लागला. मुद्दाम हरायचा. एकदा दादा भडकला. “गोलकीपर हलवला का नाहीस? मी काय कुकुलं बाळ आहे?” दुसऱ्या दिवशी ढापण्या खरा खेळला आणि दादाचा सडकून पराभव झाला. ते आणखी वाईट होतं. मग क्रेन सुटली. मग डाव्या हाताची बोटं गेली. मग जीभ जड झाली आणि दादाचं बोलणं फक्त वहिनींना कळू लागलं. आता त्यांनाही अर्धंच कळतं.

तरी आमचा खेळ चालू आहे. ढापण्या येतो, खुर्ची सरकवतो, दादाच्या मांडीवर उशी ठेवतो, तिच्यावर मला ठेवतो आणि दादाची बोटं एकेक करून माझ्यावर बसवतो. मग एकटाच खेळतो, दोघांच्या वाटचं बोलतो. गोल झाला की मी आपोआप थरथरतो, तेव्हा दादाचा हात माझ्याबरोबर हलतो. “बघा वहिनी, दादा कसा रंगात आलाय!” तो म्हणतो. वहिनी हसतात आणि तोंड फिरवतात.

काल दादाने काहीतरी म्हटलं. ओठ कसेबसे जुळले, एक ‘प’ फुटला, पुढचं सगळं घशात विरलं.

“पास! पास मागतोय दादा!” ढापण्याचा चेहरा उजळला. “हा घे!” त्याने पास दिला, पुढच्याने गोल केला, मी थरथरलो. दादाने पुन्हा तेच म्हटलं. ढापण्याने पुन्हा पास दिला.

तो ‘पास’ म्हणत नव्हता हो. माझ्या पाठीवर त्याची बोटं आहेत, मला कळतं. मला खाली पाडायला ती धडपडत होती आणि पाडू शकत नव्हती. तो ‘पुरे’ म्हणत होता.

ढापण्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे भावासाठी करण्यासारखं एवढंच उरलंय. पण माझा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तुमच्यापर्यंत पोहोचत असेल, तर कुणीतरी त्याला एवढं सांगा. उद्याही तो येईल, उशी ठेवेल, बोटं बसवायला लागेल. तेव्हा मला उचलून बाजूला ठेव म्हणावं. आणि तो हात नुसता हातात घेऊन बस.