शून्य पटाची शाळा

प्रशिक्षणाचं नाव फलकावर दोन ओळींत मावलं नाही, म्हणून उरलेलं कडेनं उभं लिहिलं होतं. मान वाकडी करून वाचलं की एवढं कळत होतं: तालुक्यातल्या केंद्रप्रमुखांना शाळांची माहिती भरायला आणि तिच्यातून निष्कर्ष काढायला शिकवायचं आहे. तीस-तीस वर्षं शाळांच्या ओसरीवर चहा पिऊन जे कळलं होतं, ते आता पडद्यावर दिसणार होतं.

जिल्ह्याहून आलेले सागर सर वयानं सगळ्यांच्या पोराएवढे, पण जिभेनं गोड. म्हणाले, "घाबरू नका. सरावासाठी आपापल्या केंद्रातली कोणतीही शाळा घ्या, कोणताही आकडा टाका आणि शेवटचं हिरवं बटण दाबा."

केंद्रप्रमुख शेषरावांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्यांनी यादीतली पहिली शाळा घेतली, नाल्याकाठची उर्दू शाळा. मुख्याध्यापिका मुबीना मॅडम, पोरं तेवीस. तेवीस लिहायला दोन आकडे लागतात, शून्याला एकच. शेषरावांनी पटाच्या सगळ्या रकान्यांत शून्य टाकलं, बटण दाबलं आणि सगळ्यांच्या आधी काम झालं म्हणून टाळ्या घेतल्या.

पुरीभाजी झाल्यावर तीच शाळा पडद्यावर आली.

"विद्यार्थी शून्य, शिक्षक दोन," सर म्हणाले. "काय निष्कर्ष निघतो?"

"बंद करा!" अख्खा हॉल बोलला. पुऱ्या अंगावर आल्या होत्या, तरी आवाज खणखणीत होता. शेषरावांचा तर सगळ्यांत वर. सरांनी ते निष्कर्षाच्या रकान्यात लिहिलं आणि हिरवं बटण दाबलं.

पाच मिनिटांत शेषरावांचा फोन वाजला.

"शेषरावभाऊ, माही शाळा बंद करून राह्यले म्हणते! मेसेज आला. काऊन पण?" मुबीना मॅडमचा आवाज चढला होता. "तेवीस पोरं माह्यासमोर खिचडी खाऊन राह्यले."

"मॅडम, ते सरावाचं होतं."

"मंग सरावाचा मेसेज खऱ्या फोनवर कसा आला?"

शेषरावांनी तोच प्रश्न सरांना विचारला. सरांनी लॅपटॉप पाहिला आणि त्यांचं तोंड उतरलं. सरावाचं पान वेगळं होतं. ते उघडायचं राहूनच गेलं होतं. सकाळपासून सगळा तालुका खऱ्या पोर्टलवर सराव करत होता. बाकीच्यांनी निदान मागच्या वर्षीचे आकडे तरी टाकले होते.

"दुरुस्त करा ना मंग."

"हिरवं बटण दाबलं की पट वर्षभर उघडत नाही," सर हळूच म्हणाले.

साडेतीनला दोन ऑटो दारात थांबले. मुबीना मॅडमनी पोरं उतरवली, हॉलमध्ये रांगेत उभी केली.

"मोजा."

शेषरावांनी मोजली. तेवीस. परत मोजली.

"दुसरी उर्दू शाळा तीन किलोमीटरवर, नाल्यापलीकडं," मॅडम म्हणाल्या. "ह्या एवढ्या-एवढ्या पोरी कोण धाडन तिकडं? पोट्टे जातीन एखाद्या वेळेस. पोरी घरी बसतीन, शेषरावभाऊ. तुमाले काय माहीत नाही?"

शेषरावांना माहीत होतं. त्यांनी मान खाली घातली.

"मॅडम, मला दिसतायत सगळी," सर म्हणाले. "पण पोर्टलला दिसत नाहीत."

हे ऐकून शेषरावांची मान एकदम वर आली. "सर, शाळेत न जाणाऱ्या पोरांचा फॉर्म उघडा हाये का?"

"शाळाबाह्य मुलांचा? पाचपर्यंत आहे."

"मंग झालं! पोर्टलच्या लेखी हे तेवीस जण शाळेत नाहीत. ते आज आपल्याले सापडले. जवळच्या शाळेत दाखल करा. जवळची शाळा मॅडमचीच. ते बंदचं नुसतं सुचवलेलं हाये, वीसच्या वर पोरं दिसली का आपोआप गळून पडते."

सरांनी शेषरावांकडे असं पाहिलं, की प्रशिक्षण नेमकं कोणाचं चाललंय ते त्यांचं त्यांनाच कळेना.

पहिलं नाव तिसरीतल्या मलिहाचं. फॉर्मनं कारण विचारलं: वीटभट्टी, ऊसतोड, बालविवाह, इतर. मलिहा पडद्याकडे बघत होती. तिनं मॅडमची ओढणी ओढली.

"मॅडम, मैं तो रोज आती. बुखार में भी आई थी."

शेषराव गुडघ्यावर हात टेकून वाकले. "हाव बेटा. तू रोज आती. हमारीच गलती हुई."

"इतर टाकतो," सर म्हणाले. "पण तपशील लिहावा लागतो. काय लिहू?"

"खरं हाये ते लिहा," मुबीना मॅडम म्हणाल्या.

सरांनी लिहिलं: 'अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण'. तेवीस वेळा लिहिलं. पाचला चार मिनिटं कमी असताना हिरवं बटण दाबलं, आणि बंदचं सुचवणं पडद्यावरून गेलं.

सोमवारी जिल्ह्याचं अभिनंदनपत्र आलं. एका दिवसात तेवीस शाळाबाह्य मुलं शोधणारा तालुका हा एकच. सर्व तालुक्यांनी असंच प्रशिक्षण घ्यावं. शेषरावांनी पत्र मॅडमना फोनवर वाचून दाखवलं.

"पुढचं प्रशिक्षण कधी हाये ते आधी सांगजा, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "मी पोरांले घेऊनच येतो."